मायची साक्ष

राजुऱ्याला आमच्या ऑफिसात एक बाई आहेत. त्या नाकाने कांदे सोलतात. माझी माय येशूला मानायची हे त्यांना कुठून तरी कळलं, आणि परवा चहात बिस्कीट बुडवता बुडवता त्यांनी मला विचारलं, "मग काय मिळालं हो तुमच्या आईंना, तिकडे गेल्यावर?" मी म्हटलं, दोन दात गेले होते, ते काही परत मिळाले नाहीत. बाईंना काही कळलं नाही. त्यांना कळावं अशी माझी इच्छाही नव्हती. पण तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय, म्हणून हे लिहायला बसले.

हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या गावात तो "काऊन गेली?" असा विचारला जायचा, आणि विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार असायचं. गाव मुलचेऱ्याच्या वाटेवर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. आम्ही मासे मारणारे लोक. तलाव सोसायटीचा होता, घरटी एक माणूस जाळ्याला जायचा आणि जाळं ओढून झालं की पाळीवरच हिस्से पडायचे. नव्वदीच्या शेवटाला गावात एक पाष्टर यायला लागला आणि पाच-सहा घरं त्याच्या प्रार्थनेला जायला लागली, तेव्हा त्या प्रत्येक घराचं 'काऊन', म्हणजे का गेले ते, गावाला पाठ झालं होतं.

एका म्हाताऱ्याच्या सुनेला झटके यायचे, म्हणून तो गेला. एकाचं भावाशी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून भांडण होतं. भाऊ ज्या देवळात नारळ फोडतो तिथं मी फोडणार नाही, एवढ्यासाठी तो गेला, आणि भावाचं देऊळ बदललं असतं तर तो परतही आला असता. एका जोडप्यानं जातीबाहेर लग्न केलं होतं, त्यांना गावात कोणी अक्षता टाकायला तयार नव्हतं. पाष्टरनं टाकल्या. एक बाई निव्वळ गाण्यासाठी जायची. ढोलकी छान वाजते म्हणायची, घरी कोण मला गाऊ देते. गाव मात्र सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं. हे म्हणे औषधाच्या गोळ्यांसाठी आणि दुधाच्या पावडरीसाठी गेले. ती पावडर मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, पण गावात प्रत्येकाला तिची चव माहीत होती.

गावदेवीपुढे कोंबडं कापणाऱ्याला मात्र कोणी विचारत नसे की बाबा, तू कशासाठी कापतोस. पोरगं व्हावं, पाऊस पडावा, शेजाऱ्याची म्हैस मरावी, काहीही असेल. तो आपला देव, त्याला लालूच चालते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात आमच्या गावाचा हात कोणी धरला नसता.

मायच्या बाबतीत तर गावाला विचार करायचीही गरज पडली नाही. जादूगारीण ती, दुसरीकडे कुठी जाईल?

ते जादूगारणीचं असं झालं होतं. सोसायटीच्या अध्यक्षाचा धाकटा पोरगा तापानं फणफणला होता. आमच्याकडे एक ताप डोक्यात चढतो आणि माणूस बघता बघता जातो. डॉक्टर त्याला मेंदूचा मलेरिया म्हणतात. माय त्यांच्या घरी झिंगे द्यायला गेली होती. तिनं पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. त्यांनी नेलं नाही, मंत्रतंत्र करणाऱ्या जाणत्याला बोलावलं. पोरगं त्याच रात्री गेलं. मग जाणत्यानं तांदूळ मांडले आणि सांगितलं की ज्या बाईनं पोराला हात लावला तिचं हे काम आहे.

जादूगारणीचे पुढचे दात पाडले की तिला मंत्र नीट म्हणता येत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. अध्यक्षानं मायला केसाला धरून चिंचेच्या पारावर नेलं आणि दगडानं तिचे वरचे दोन दात पाडले. गाव बघत होतं. माझा बाप तिथंच होता.

मी तेव्हा चंद्रपूरला वसतिगृहात राहून बारावी करत होते. निरोप मिळाल्यावर आले, तर माय तोंडाला पदर लावून पेज पीत होती. मी तिला घेऊन ठाण्यात गेले. जमादार माणूस वाईट नव्हता, त्यानं ऐकून घेतलं, पण शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, "बाई, हे सगळं ठीक आहे. साक्ष कोण देईल?" माय म्हणाली, सगळ्या गावानं पाहिलं. मग जमादार गावात आला. त्यानं घरोघरी विचारलं. कोणी सरपणाला जंगलात गेला होता, कोणी बांधीत होता, कोणी झोपला होता. त्या दुपारी चिंचेखाली माझी माय आणि दगड, एवढेच होते म्हणायचे. जमादारानं माझ्या बापालाही विचारलं. बाप म्हणाला, मी तलावावर होतो साहेब.

प्रकरण आपसात मिटलं असं लिहून जमादार गेला. बापाचा तलावातला हिस्सा चालू राहिला. मायला पाळीवर पाय ठेवायला बंदी झाली आणि तिच्या हातचा मासा गावात कोणी घेईना. मग ती बापाच्या वाट्याचे मासे टोपलीत घालून मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पांत विकायला लागली. कॅम्पातल्या लोकांना मासा म्हणजे जीव की प्राण, त्यांनी तिचे दात मोजले नाहीत. तिथल्या बाया तिला 'माशी' म्हणायच्या. मला आधी राग आला. मग कळलं की त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात.

त्याच फेरीत तिला पाष्टर भेटला. तो खालच्या अंगाचा, तेलुगू मुलखातला. त्याचं बोलणं म्हणजे तेलुगू भातावर हिंदी वरण आणि वर चिमूटभर मराठी. खरं ते सांगायला हवं, तो लोकांच्या उपयोगी पडायचा. तापलेल्या पोरांना फटफटीवर बसवून त्यानं दवाखान्यात नेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. गावाच्या कडेला एका घराच्या ओसरीत तो लोकांना गोष्टी सांगायचा. माय मासे विचारायला दारात उभी होती, आणि तो येशूला पकडून नेल्याची गोष्ट सांगत होता. त्याच्यावर खोटी साक्ष द्यायला माणसं उभी केली, त्यांचं एकमेकांशी जुळेना, तरी त्याला मारलंच.

मायनं दारातूनच विचारलं की त्याच्याकडून साक्ष द्यायला कोणी उभं राहिलं का. पाष्टरला आनंद झाला असणार, मासेवाली बाई असं काही विचारते म्हटल्यावर. तो म्हणाला, "उसके साक्षी हम लोग है ना अम्मा. हर इतवार इधर साक्ष होती."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या लोकांत साक्ष म्हणजे देवानं माझं कसं भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. दारू सुटली, पोट दुखायचं थांबलं, सासू बोलायला लागली, असं. मायला हे कुठून माहीत असणार? तिच्या उभ्या जन्मात साक्ष हा शब्द तिनं एकाच ठिकाणी ऐकला होता, ठाण्यात.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आले तेव्हा तिनं मला हे सांगितलं. आवाज बारीक करून सांगत होती, दातांच्या फटीतून हवा निसटत होती. "तिथं दर इतवारी साक्ष होते म्हणते. पोलीस नाई, कोरट नाई. जो उठला तो बोलते अन् बाकीचे आयकते."

मी तिच्यावर ओरडले. एका अंगाऱ्यातून निघालीस ती दुसऱ्या अंगाऱ्यात चाललीस, म्हटलं. मी विज्ञान शाखेची, शहाणपण ओतू जात होतं. ती चिडली नाही. तिनं मला त्या येशूच्या एका सोबत्याची गोष्ट सांगितली. तो म्हणे नेहमी त्याच्याबरोबर असायचा, आणि येशूला धरून नेलं तेव्हा म्हणाला की मी या माणसाला ओळखतच नाही. "तुया बापासारखाच," माय म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. दात पडल्यापासून तिला मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. बाप बाहेर अंगणात जाळं सांधत होता, त्याला ऐकू गेलं असेल तर बरंच झालं.

हिवाळ्यात तिनं बुडी घेतली. त्या लोकांत जायचं तर पाण्यात बुडवून काढतात. गावच्या तलावात ते करायला सोसायटीनं मनाई केली, म्हणून लांब नदीवर जावं लागलं. पोहणाऱ्यांच्या जातीत जन्मून हिनं कुळ बुडवलं, असं गाव म्हणालं. बुडी घेतल्यावर साक्ष देता येते. पण माय काही उठेना. दर इतवारी जायची, बायांच्या बाजूला मागे बसायची आणि गप्प परत यायची. मी एकदा कुचकटपणे विचारलं, झाली का तुझी साक्ष? ती म्हणाली, "तो नाई ना तिथं. ज्याच्यावर साक्ष द्याची तो समोर पाह्यजे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती तिथं बरं व्हायला जात नव्हती, गोळ्यांना जात नव्हती, गाण्याला तर नाहीच. जिथं कोणीतरी तिचं बयान पूर्ण ऐकेल अशी एक जागा तिला सापडली होती, आणि ती तिथं आपल्या आरोपीची वाट बघत होती.

आणि तो आला. पोरगं गेल्यापासून अध्यक्ष मोहाची ढोसत होता, त्यात त्याचं यकृत सुजलं. दवाखान्यात सांगितलं, अजून पिशील तर मरशील. त्याच्या बायकोनं त्याला ओढून पाष्टरकडे आणलं. आणि त्याची दारू सुटली, हे मी नाकारणार नाही. पाष्टरला तर स्वर्ग दोन बोटं उरला. आजवर त्याच्याकडे गावानं टाकलेलेच यायचे. आता गावानं डोक्यावर घेतलेला माणूस आला होता. सगळ्यांना वाटलं की आता ही बाई यायची बंद होईल. माय पुढच्या ओळीत जाऊन बसली.

पण अध्यक्ष दर इतवारी स्वतःच साक्ष द्यायचा. एका बाईनं माझ्या घरावर जादू केली, माझं पोरगं गेलं, त्या दुःखानं मी दारूत बुडालो, येशूनं माझी जादूही काढली आणि दारूही काढली. बाईचं नाव तो घेत नसे. घ्यायची गरज नव्हती, सगळ्या माना मायकडे वळायच्या. चिंचेचा पार, दगड, दात, यातलं काही त्याच्या साक्षीत यायचं नाही. आणि पाष्टर डोळे मिटून, हात वर करून त्याच्यासाठी देवाचे आभार मानायचा. जादूटोण्याच्या बाबतीत गावात निदान एखाद्याला तरी शंका असेल. पाष्टरला खात्री होती.

त्याच्यानंतर पाष्टर लगेच प्रार्थना सुरू करायचा, त्यामुळे मायला बोलायची पाळी काही मिळाली नाही. मिळाली ती उन्हाळ्यात, आणि पाष्टरनं स्वतः घरी येऊन दिली. मी सुटीवर होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं. बाहेरून कोणी मोठे पाहुणे यायचे होते, तलावाजवळ मोठी सभा होणार होती. पाष्टर आमच्या अंगणात बाजेवर बसला. सभेत आधी अध्यक्ष बोलेल, मग अम्मा, तू उठायचं आणि म्हणायचं की मी जादू करत होते, येशूनं मला सोडवलं. एवढंच. मग अध्यक्ष सगळ्यांसमोर तुला बहीण म्हणेल. त्यानंतर गावात तुला कोणी काही म्हणणार नाही, पाळीवर ये, बाजारात बस, आणि सोसायटीशी मी बोललो आहे.

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. गावालाही ते हवं होतं. जादूगारणीनं आपल्या तोंडानं कबूल करावं आणि धुऊन निघावं, म्हणजे दगड मारणाऱ्यांचे हातही आपोआप स्वच्छ होतात. माय एक वाक्य बोलली असती तर तिला सगळं परत मिळालं असतं, फक्त ती जन्मभर जादूगारीण ठरली असती, आणि तेही स्वतःच्या साक्षीनं.

माझ्या बापानं पाष्टरसाठी चहा केला. त्या घरात त्यानं मायसाठी कधी पाण्याचा तांब्या भरला नव्हता. चहा देऊन तो मायला म्हणाला, "म्हणून दे ना. एक डाव म्हटल्यानं का तू जादूगारीण होणार आहेस?"

मायनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिनं पाष्टरला विचारलं, "साक्ष खरीच द्या लागते ना?"

"हाँ अम्मा, बिलकुल सच."

"मंग देईन," माय म्हणाली. पाष्टर खूश होऊन गेला.

संध्याकाळी मी तिच्याशी भांडले. ती मरळ साफ करत बसली होती. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर चंद्रपूरला, मी शिकवण्या घेईन, एक खोली घेऊ. म्हटलं, तू जर उद्या तसं बोललीस तर मी तुला माय म्हणणार नाही. ती खवले काढत राहिली आणि एवढंच म्हणाली की राखेचं भांडं इकडे सरकव. मला वाटलं, ही मोडली. थकली असेल, म्हणेल जे म्हणायचं ते. त्या रात्री मला सगळ्यांचा राग आला, बापाचा, पाष्टरचा, त्याच्या येशूचा, आणि सगळ्यांत जास्त तिचा.

सभा सकाळी होती. कापलेल्या बांधीत निळी ताडपत्री ताणली होती, भोंगा आणला होता. प्रार्थनेला कधी न फिरकणारं सगळं गाव पाळीवर येऊन बसलं होतं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? माझा बाप त्यांच्यात उभा होता, खांद्यावर जाळं टाकून, जणू सहज जाता जाता थांबला आहे. पाहुणे खुर्चीत बसले होते, त्यांना मराठीचा गंध नव्हता. मी बायांच्या बाजूला बसले. माझ्या शेजारी अध्यक्षाची बायको बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून.

अध्यक्ष बोलला, रडला, बाया रडल्या. मग पाष्टरनं मायला बोलावलं आणि माईक स्वतः तिच्या तोंडाशी धरला. पुढे काय होणार हे माहीत असतं तर त्यानं तो तळ्यात फेकला असता. माय ताठ उभी राहिली, ठाण्यात जमादारासमोर उभी होती तशीच. अध्यक्षाकडे तोंड केलं.

"मी पाह्यलं तेच सांगते," ती म्हणाली. "याचं पोरगं तापलं होतं. मी कपाळाले हात लावला अन् दवाखान्यात न्या म्हणली. मी जादू नाई केली. मले येतच नाई. मंग यानं मले केसाले धरून चिंचेखाली नेलं अन् गोट्यानं दात पाडले. हे जे पाळीवर बसले आहेत ते सारे तिथी होते. माह्यावाला नवराही होता. कोणीच अडवलं नाई. हे माही साक्ष आहे." मग ती अध्यक्षाला म्हणाली, "आता तू दे. खरी."

भोंग्यातून ते सगळ्या गावावरून गेलं. तिच्या फटीतून निसटणारी हवासुद्धा भोंग्यात ऐकू आली. आणि माझ्या शेजारून, पदराच्या आतून, अध्यक्षाची बायको बोलली. मान खाली घालून, कोणाला सांगत नसल्यासारखी. "म्हणली होती. दवाखान्यात न्या म्हणली होती. मी घरातच होती."

तोवर पाष्टरनं माईक ओढून घेतला होता आणि ढोलकीवाल्याकडे मान हलवली होती. गाणं सुरू झालं. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्षही डोळे मिटून टाळ्या वाजवत होता. पाहुण्यांना वाटलं बाईची साक्ष फारच प्रभावी झाली. ते खुर्चीतून उठले, दोन्ही हात वर केले आणि मायकडे बघून "हालेलुया" म्हणाले. त्यांना कोणी काही समजावून सांगितलं नाही. माय उभीच राहिली. गाणं संपायची वाट बघत होती, उत्तर यायचं होतं ना. पहिलं गाणं संपलं आणि लगेच दुसरं लावलं. तेव्हा ती ताडपत्रीखालून बाहेर पडली आणि मी तिच्या मागे गेले.

पाळीवर बाप नव्हता. तो केव्हाच जाळं घेऊन निघून गेला होता. त्याला मी माफ केलेलं नाही. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी केलेलं नाही.

वाटेत मी मायला सांगितलं की अध्यक्षाची बायको काय म्हणाली. माय थांबली. "आयकलं मी," ती म्हणाली. "भोंग्यात नाई आलं, पण आयकलं." मग तिनं रस्त्यावर बसून पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी पाष्टर आला. रागावला नव्हता, दुःखी होता, आणि मला त्या दुःखाचाच जास्त संताप आला. तो म्हणाला, अम्मा, ही साक्ष नाही, हा आरोप झाला. साक्ष म्हणजे देवानं तुझ्यासाठी काय केलं ते. तुझ्या मनात कडूपणा आहे. तू त्या भावाला क्षमा करेपर्यंत सभेत येऊ नकोस. माय म्हणाली, अन् त्याचं काय? पाष्टर म्हणाला, त्याला क्षमा झाली आहे.

"कोणं केली?" माय म्हणाली. "मले तं कोणी विचारलं नाई."

पाष्टर काहीतरी देवाचं बोलला आणि फटफटी सुरू करून गेला. अध्यक्ष पुढेही साक्ष देत राहिला म्हणे, फक्त त्यातून जादूवाल्या बाईचा भाग गळला. ते त्याला सुचलं की त्याच्या बायकोनं सुचवलं, मला माहीत नाही. खरी साक्ष त्यानं शेवटपर्यंत दिली नाही.

गावाला वाटलं, आता ही परत येणार. तिकडूनही हाकलली, आता हिला आपला देव गोड लागेल. बोकड दे, पाया पड, घेतो तुला, असा निरोप आला. मायनं बोकड दिला नाही. दर इतवारी ती घराच्या मागे बोरीखाली एकटी बसायची, हात मांडीवर ठेवून, ओठ हलवत. मग टोपली घेऊन कॅम्पात जायची. आणि गावाची पंचाईत झाली. आता पाष्टर नव्हता, गोळ्या नव्हत्या, ढोलकी नव्हती, ती कधी न पाहिलेली पावडर तर नव्हतीच. मग ही अजून काऊन येशूला धरून बसली? लोकांनी पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, जादूगारीण आहे, तिचं काय सांगता येते.

पुढे मला नोकरी लागली. बाप गेल्यावर मी तिला राजुऱ्याला घेऊन आले. इथंही ती इतवारी मागच्या गॅलरीत बसायची. मी देव मानत नाही, आजही नाही, आणि मला तिचं ते बसणं सोसायचं नाही. त्या ओसरीत तिला काय मिळालं होतं? एक माईक, तोही हिसकावून घेतला. एकदा मी तिला विचारलंच, अगदी गावासारखं. म्हटलं, माय, तुला त्या लोकांनीही हाकललं. मग तू अजून त्याच्याच मागे काऊन?

ऑफिसातल्या बाईंना हे मी सांगणार नाही. त्यांनी बिस्कीट खावं.

मायनं मांडीवरचे हात उचलले नाहीत. "मी रोज त्याले पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "चिंचेपासून. त्यानं कधी मधात गाणं नाई लावलं."